मार्क टलींवर लोकांचा एवढा विश्वास का होता?

बार्शीकर

"हल्लीचे अँकर" वाल्या धाग्यावर कुणीतरी "आता मार्क टली होणे नाही" असं लिहिलं आणि खाली +१ ची रांग लागली. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पॉपकॉर्नवाल्यांची सोय होईल. टली, म्हणजे बीबीसीचे दिल्लीतले वार्ताहर, मोठे पत्रकार होते, यात वाद नाही. पण त्यांना "मार्क टली" केलं ते निम्मं आपल्या आकाशवाणीने. सरकारी रेडिओने बातमी दाबायची आणि लोकांनी सुई लंडनकडे वळवायची, असं वर्षानुवर्षं चाललं. त्या रिकाम्या जागेत जो नेमाने बोलत राहिला त्याचं नाव झालं.

नव्या लोकांसाठी थोडी पार्श्वभूमी. जन्म १९३५ चा, कोलकात्याच्या टॉलीगंजमधला. वडील ब्रिटिश व्यापारी. घरात गोरी दाई, आणि मुलं नोकरचाकरांची भाषा उचलणार नाहीत याकडे लक्ष ठेवणं हे तिचं मुख्य काम. ड्रायव्हरकडून आकडे मोजायला शिकल्याबद्दल तिने थोबाडीत ठेवून दिली होती, असं टलींनी स्वतःच अनेकदा सांगितलंय. पुढे हाच माणूस फर्डं हिंदी बोलायला लागला. दार्जिलिंगची शाळा, मग नवव्या वर्षी इंग्लंड, मग केंब्रिज. पाद्री व्हायचं म्हणून लिंकनला धर्मशास्त्र शिकायला गेले आणि दोन सत्रांत बाहेर पडले. १९६४ मध्ये बीबीसीत चिकटले ते वार्ताहर म्हणून नव्हे, कर्मचारी विभागात. १९६५ मध्ये दिल्लीला आले तेही ऑफिसचा कारभार बघायला. माइकसमोर पहिल्यांदा गेले ते कशासाठी, तर दिल्लीतल्या जुन्या मोटारींच्या रॅलीवर बोलायला! म्हणजे राजकीय वार्ताहर म्हणून त्यांना कुणी नेमलं नव्हतं, हळूहळू ते झाले.

१९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी ते लंडनमध्ये होते. तिथून रोज विश्लेषण करत. मधे पाकिस्तानी लष्कराने मोजक्या परदेशी वार्ताहरांना पूर्व पाकिस्तानात येऊ दिलं, त्यात हे होते. ढाक्याहून राजशाहीकडे जाताना रस्त्याच्या कडेची गावंच्या गावं जळालेली बघितली, ते त्यांनी सांगितलं. बांगलादेशात त्यांचं नाव आजही घेतात ते त्यामुळे. त्यानंतर दिल्ली, आणीबाणीत हकालपट्टी, १९७७ ला परत, आणि मग १९९४ पर्यंत दिल्लीच. भुट्टोंवरचा खटला आणि फाशी, सुवर्णमंदिर, इंदिराजींची हत्या, भोपाळ, राजीव गांधींची हत्या, अयोध्या. या उपखंडात त्या काळात जे काही मोठं झालं ते बीबीसीवर बहुतेक वेळा त्यांच्या नावाने आलं.

आता ३१ ऑक्टोबर १९८४ घ्या. इंदिराजींना सकाळी सव्वानऊच्या सुमारास गोळ्या लागल्या. मृत्यूची घोषणा आकाशवाणीने केली संध्याकाळी. बीबीसीने ती कित्येक तास आधी दिली होती. राजीव गांधी तेव्हा बंगालच्या दौऱ्यावर होते आणि परतीच्या वाटेवर ट्रान्झिस्टर कानाला लावून बीबीसीच ऐकत होते. देशाच्या पंतप्रधानांचा मुलगा, स्वतः सत्ताधारी पक्षाचा सरचिटणीस, आणि आईचं काय झालं हे कळायला त्याला परदेशी केंद्र लावावं लागतं! यात टलींचं कौतुक किती आणि आपल्या व्यवस्थेची लाज किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

बोला.

रेडिओवेडा

झकास धागा. विषय आमच्या पेठेतला असल्याने तांत्रिक बाजू मांडतो.

बहुतेकांनी टलींचा आवाज ऐकलेलाच नाही, हे +१ वाल्यांनी आधी लक्षात घ्यावं. ते बातमीपत्र इंग्रजीत पाठवत. ते फोनवरून लंडनला बुश हाउसमध्ये, म्हणजे बीबीसीच्या कचेरीत जायचं, तिथे हिंदी विभागातली मंडळी भाषांतर करायची आणि मग "दिल्ली से मार्क टली" असं म्हणून वाचायची. म्हणजे गावोगाव लोकांनी ऐकला तो हिंदी निवेदकाचा आवाज, आणि नाव मात्र ध्यानात राहिलं टलींचं.

ते यायचं शॉर्टवेव्हवर. लंडनहून थेट नाही, मधे ओमानजवळच्या मसिराह बेटावर आणि सिंगापूरला रिले केंद्रं होती. संध्याकाळी ३१ मीटर नाहीतर ४१ मीटर. सुई केसभर हलली की पेकिंग रेडिओ. आमच्याकडे मर्फी होता, त्याच्या काचेवर वडिलांनी बीबीसीच्या जागी लाल पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली होती. कुणी रेडिओ पुसायला घेतला की पहिलं वाक्य, "रेघ पुसू नका." आवाज वरखाली व्हायचा, मधेच पूर्ण बुडायचा आणि नेमका आकडा ऐकायचा राहायचा. सेल उतरले की दिवसभर पत्र्यावर उन्हात टाकायचे, संध्याकाळी अर्धा तास तरी चालायचे.

आणि गंमत म्हणजे या रेडिओचं लायसन दरवर्षी पोस्टात जाऊन भरावं लागे. पैसे भारत सरकारला आणि बातम्या लंडनच्या.

मनवा

काका लोकहो, एक बाळबोध प्रश्न. वर्तमानपत्रं तर खासगी होती ना? मग रेडिओच का सरकारी? कुणी खासगी रेडिओ का काढला नाही?

अ‍ॅडव्होकेट_फोर्ट

मनवा, कारण १८८५ चा टेलिग्राफ कायदा. त्यानुसार बिनतारी प्रक्षेपणाचा अनन्य हक्क केंद्र सरकारचा. इंग्रजांनी तारयंत्रासाठी केलेला कायदा स्वतंत्र भारतातल्या सगळ्या सरकारांनी रेडिओ आणि टीव्हीवर मांड ठोकून बसायला वापरला. कित्येक दशकं एकाही पक्षाला तो बदलावासा वाटला नाही.

फरक पडला तो क्रिकेटमुळे. हीरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि सरकार यांचं वाजलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल आला की रेडिओलहरी (एअरवेव्हज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. त्या खंडपीठात आपले न्या. पी. बी. सावंत होते, तेच पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये मंजूर होऊन पडून होता, तो अमलात आला १९९७ मध्ये.

आता खरी मेख. या निकालानंतर खासगी वृत्तवाहिन्यांचं पीक आलं, पण रेडिओवर? खासगी एफएमला आजही स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. टीव्हीवर कुणी काहीही ओरडावं, पण रेडिओवर पुण्यातल्या नगरपालिकेची, सॉरी महानगरपालिकेची, स्वतंत्र बातमी द्यायची नाही. बार्शीकरांचा मुद्दा म्हणूनच मला पटतो.

उलटतपासणी

मला नाही पटत.

"आकाशवाणीने टली घडवले" हे ऐकायला चमकदार आहे. पण त्या काळात व्हॉइस ऑफ अमेरिका हिंदीत होतं, रेडिओ मॉस्को होतं, जर्मनीचं डॉयचे वेले होतं. सगळी स्पष्ट ऐकू यायची. मॉस्को तर बीबीसीपेक्षा खणखणीत. मग त्यांच्या दिल्लीतल्या एका तरी वार्ताहराचं नाव सांगा. नाही ना आठवत? पोकळी सगळ्यांसाठी सारखीच होती. भरली एकानेच.

आणि आणीबाणी दोन शब्दांत उरकलीत, तो खरा कळीचा भाग आहे. जून १९७५. इंदरकुमार गुजराल माहिती-प्रसारण मंत्री. त्यांना पंतप्रधानांच्या घरच्या गोटातल्या मोहम्मद युनूस यांचा फोन गेला की त्या मार्क टलीला बोलावून घ्या, विजार उतरवून फटके द्या आणि आत टाका. कारण काय, तर मंत्रिमंडळात फूट पडल्याची, वरिष्ठ मंत्री नाराज असल्याची बातमी म्हणे बीबीसीने दिली. गुजरालांनी परकीय प्रसारणं ऐकणाऱ्या सरकारी विभागाकडून तपासून घेतलं तर बीबीसीने तसं काही दिलेलंच नव्हतं. गुजराल म्हणाले, हे माझं काम नाही. काही दिवसांत त्यांचं खातं गेलं आणि विद्याचरण शुक्ल आले. हा किस्सा नंतर टलींनी स्वतः सांगितलाय.

मग परदेशी वार्ताहरांपुढे कागद आला, सेन्सॉरचे नियम पाळीन म्हणून सही करा. बीबीसीने नकार दिला. टलींना देश सोडायला चोवीस तास मिळाले. सही करून दिल्लीत राहता आलं असतं, राहणारे राहिलेही.

बार्शीकर

उलटतपासणी, मॉस्कोचा मुद्दा जबरा आहे, मान्य. पण त्याचं उत्तर टलींच्या प्रतिभेत नाही, संस्थेत आहे. रेडिओ मॉस्को हे दुसऱ्या एका सरकारचं भोंगाच होतं, लोकांना ते कळत होतं. व्हॉइस ऑफ अमेरिकाचंही तेच. बीबीसीचा पैसा (जागतिक सेवेचा) ब्रिटिश परराष्ट्र खात्याकडूनच येत असला तरी बातमी काय द्यायची ते खातं सांगत नव्हतं. शिवाय दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय बातमी सोडायची नाही हा तिथला दंडक. आणीबाणीत सही न करण्याचा निर्णयही लंडनचा होता, एकट्या टलींचा नव्हे.

तुम्ही ज्याला धैर्य म्हणताय त्यातला बराचसा भाग मागे उभ्या असलेल्या संस्थेचा आहे. टलींना हाकललं तेव्हा ते लंडनला गेले आणि पगार चालू राहिला. त्याच वेळी इथे पुण्यात "साधना" साप्ताहिकावर जप्तीची कारवाई झाली, त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. त्याचे संपादक यदुनाथ थत्ते, त्यांच्या मागे कुठलं बुश हाउस होतं?

नांदेडकर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषयच तसा आहे.

आमच्या नांदेडला गुरुद्वारा असल्याने १९८४ चा जून आम्ही महाराष्ट्रातल्या इतर गावांपेक्षा जरा वेगळा बघितला. पंजाब बंद करून टाकला होता. फोन तोडलेले, रस्ते, रेल्वे बंद, बाहेरच्या पत्रकारांना राज्याबाहेर काढलेलं. ५ तारखेच्या रात्री लष्कर सुवर्णमंदिरात शिरलं. इथे आमच्या गल्लीतल्या सरदारजींचे नातेवाईक अमृतसरला आणि कसलाच पत्ता नाही. त्यांच्या ट्रकच्या गॅरेजमध्ये संध्याकाळी माणसं जमायची. बीबीसी लागलं की एक जण मोठ्याने म्हणायचा, चूप. बातमी संपली की कुणीच काही बोलायचं नाही, कारण जे ऐकलं ते बोलण्यासारखं नसायचं. मग आकाशवाणी लावायचे. त्यावर "परिस्थिती नियंत्रणात". मी तेव्हा पोरगाच होतो, पण त्या दोन बातम्यांमधलं अंतर मला त्या वयातही कळत होतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. टलींचं नाव निघालं की सतीश जेकब हे नाव का निघत नाही? दिल्ली ब्यूरोत टलींचे सहकारी. ३१ ऑक्टोबरला, ज्या दिवसाचा बार्शीकरांनी दाखला दिला, त्या दिवशी टली दिल्लीत नव्हतेच! बातमी मिळवली, एम्समध्ये जाऊन खात्री केली आणि लंडनला कळवली ती जेकबनी. ब्लूस्टार, म्हणजे त्या लष्करी कारवाईवरचं "अमृतसर" हे १९८५ चं पुस्तकही दोघांचं मिळून आहे, मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. लोकांच्या तोंडी एकच राहिलं.

मनवा

बाप रे, हे माहीतच नव्हतं. म्हणजे त्या दिवशीची सगळ्यात मोठी बातमी टलींची नाहीच?

नांदेडकर

ब्यूरोची. आणि ब्यूरोचे प्रमुख टली. टली स्वतः हे लपवत नसत, जेकबचं श्रेय ते देत. लपवलं ते आपल्या आठवणींनी. गोरा साहेब खरं बोलला, ही गोष्ट आपल्याला सांगायला बरी वाटते. दिल्लीतल्या माणसाने स्कूटरवर नाहीतर गाडीत फिरून बातमी काढली, त्यात काही चमत्कार नाही ना.

निळावंती

नांदेडकरदादा, शेवटच्या दोन वाक्यांबद्दल दंडवत.

थोडं कडू लिहिते. टलींच्या बातम्यांबद्दल माझी तक्रार नाही, पण नोकरी सोडायच्या सुमाराला आणि नंतर त्यांनी जे भारताबद्दल लिहिलं ते वाचताना अनेकदा पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं. भारतातल्या इंग्रजाळलेल्या वरच्या वर्गाने पाश्चात्त्य चष्मा लावून देश बघितला, हा त्यांचा राग. तो रास्त आहे. पण त्या रागाच्या भरात जातिव्यवस्थेने माणसाला आधार, बिरादरी, ओळख दिली हेही बघा, असा सूर लागतो. कुणाला आधार? आमच्या आजोबांना गावात चहाची कपबशी वेगळी होती, ती बिरादरीच म्हणायची का?

बाबासाहेबांनी गाव म्हणजे काय ते संविधान सभेत सांगून ठेवलंय. ज्याला गावात मानाने खुर्ची मिळते त्याला गाव छानच दिसतं. टलींना प्रत्येक गावात खुर्ची मिळाली.

कोकम_सरबत

निळावंती, हे जरा अन्यायाचं नाही का होत? ते दलितांच्या वस्तीत राहून, त्यांच्याशी बोलून लिहायचे. दिल्लीतले आपले संपादक तर गाडीची काचही खाली करत नव्हते.

निळावंती

बोलायचे, हो. तेवढं श्रेय आहेच. पण बोलून आल्यावर निष्कर्ष कुठला काढला, तेही बघायचं ना. आणि दिल्लीचे संपादक वाईट होते म्हणून टली बरोबर ठरत नाहीत.

तिरकमठा

पद्म पुरस्कारांबद्दल कुणीच का बोलत नाही? १९९२ मध्ये पद्मश्री, २००५ मध्ये पद्मभूषण. मधे २००२ ला ब्रिटनने सर केलं. दोन्ही सरकारांचे लाडके. निःपक्षपाती वार्ताहर म्हणे!

पत्रकार निखिल चक्रवर्तींनी १९९० मध्ये पद्मभूषण नाकारलं होतं. पत्रकाराने सत्तेच्या गोटातला वाटेल असं काही स्वीकारू नये, एवढं साधं कारण. पद्मश्री घेतली तेव्हा टली बीबीसीच्या नोकरीत होते, ज्या सरकारवर बातम्या द्यायच्या त्याच सरकारकडून.

अ‍ॅडव्होकेट_फोर्ट

तिरकमठा, मुद्दा तत्त्वतः बरोबर. पण पद्मश्री ९२ च्या जानेवारीतली आणि त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरला टली कुठे होते ते बघा. पुरस्कारामुळे जीभ जड झाली असं दिसत तरी नाही.

उलटतपासणी

अयोध्या आलीच आहे तर नीट सांगतो, कारण वार्ताहराचं काम कसं चालायचं ते त्या एका दिवसात दिसतं.

टली त्या दिवशी सकाळपासून बाबरी मशिदीसमोरच्या एका इमारतीच्या गच्चीवर होते. कारसेवक कडं तोडून आत घुसले, पोलीस मागे सरले, हे त्यांनी वरून बघितलं. पण बघून उपयोग काय? मोबाइल नव्हते, अयोध्येतून लंडनला फोन लागेना. मग गाडी काढून फैजाबादला गेले, तिथून फोनवर बातमी सांगितली. मशिदीवर हल्ला झाल्याची बाहेरच्या जगाला गेलेली ती अगदी पहिल्या बातम्यांपैकी.

कुणीही म्हणेल, काम झालं, आता तिथेच थांबावं. ते परत गेले. परतताना जमावाने घेरलं. बीबीसीवर राग होताच, नावाने "मार्क टली मुर्दाबाद" चालू होतं. काही जण मारायच्याच बेतात होते, काहींनी आवरलं, आणि शेवटी हिंदी वर्तमानपत्रांच्या काही पत्रकारांबरोबर त्यांना एका खोलीत कोंडून घातलं. काही तासांनी स्थानिक अधिकारी आणि तिथल्याच एका महंतांनी मधे पडून सोडवलं.

कोंडलेल्या खोलीतल्या त्या हिंदी पत्रकारांची नावं मलाही सांगता येणार नाहीत, नांदेडकर. तुमचा मुद्दा इथेही लागू आहे. पण घटनास्थळी परत जाणारा माणूस होता, हे संस्थेच्या खात्यात टाकता येणार नाही, बार्शीकर. बुश हाउसने त्यांना परत जा म्हणून सांगितलं नव्हतं.

मुक्काम_लीड्स

इंग्लंडातून थोडी भर. इकडच्या माझ्या वयाच्या इंग्रज शेजाऱ्यांना टली राजकीय वार्ताहर म्हणून आठवतच नाहीत! त्यांना आठवतो बीबीसीच्या रेडिओ फोरवरचा "समथिंग अंडरस्टूड" हा कार्यक्रम. १९९५ पासून २०१९ पर्यंत चालला. रविवारी भल्या पहाटे आणि पुन्हा रात्री साडेअकराला. श्रद्धा, मृत्यू, एकटेपणा, क्षमा असा एखादा विषय घ्यायचा, त्यावर कविता, संगीत, थोडं बोलणं. कबीरही यायचा आणि बाखही. पाद्री व्हायचं राहिलं होतं ते असं भरून निघालं बहुतेक. मी रात्रपाळीहून घरी येताना गाडीत ऐकायचो. आवाज सावकाश, जाडसर, कुठलीच घाई नसलेला. रेडिओवेडा म्हणतात तसं भारतात बहुतेकांनी तो ऐकलाच नसेल तर वाईट वाटतं.

आणि बीबीसी सोडली कशी तेही सांगायला हवं. १९९३ मध्ये रेडिओवाल्यांच्या एका संमेलनात त्यांनी जाहीर भाषण केलं आणि महासंचालक जॉन बर्ट यांना सुनावलं. व्यवस्थापन तज्ज्ञ, सल्लागार, अंतर्गत बाजारपेठ, या सगळ्याने बीबीसीत भीतीचं वातावरण तयार झालंय, असं. नोकरीत असताना, सगळ्यांदेखत! पुढच्या वर्षी जुलैत राजीनामा. म्हणजे बार्शीकर ज्या संस्थेचं एवढं गुणगान करतायत ती संस्था मोडीत निघतेय असं ओरडून सांगणाराही हाच माणूस. निवृत्तीनंतर इंग्लंडला न परतता दिल्लीत निजामुद्दीनलाच राहिले.

बार्शीकर

लीड्सकर, हा बर्टचा भाग माझ्याच मुद्द्याला बळ देतो! संस्था काय देते हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, म्हणून ती बिघडताना राग आला.

पण अयोध्येचं उलटतपासणींचं म्हणणं डोक्यात घोळतंय. त्यावर एवढंच म्हणेन की टलींकडे आणखी एक गोष्ट होती जी ना शौर्याची, ना संस्थेच्या नियमांची. मुक्काम. परदेशी वार्ताहर साधारण तीन-चार वर्षं राहतो आणि बदली होते. भाषा कानावर बसेपर्यंत सामान बांधायची वेळ. टली वीस वर्षांच्या वर ब्यूरो सांभाळून होते. १९७७ मध्ये ज्या पुढाऱ्याला जिल्हा पातळीवर भेटले तो १९८९ ला मंत्री झालेला असायचा आणि फोन उचलायचा. तहसीलदारापासून महंतापर्यंत ओळखी. अयोध्येत सोडवायला महंत आले, ते काही बीबीसीची नियमावली वाचून आले नव्हते. याला लंडनच्या ऑफिसचा थोडा आळसही कारणीभूत असेल, की आहे ना टली तिथे, कशाला बदला. पण फायदा झाला.

आपल्याकडे उलट. आपल्या मराठी वाहिन्यांनी दिल्लीत माणूस ठेवला तर तो एकटा, त्याने सकाळी संसदेसमोर उभं राहायचं, दुपारी कोर्टासमोर, संध्याकाळी पक्ष कार्यालयासमोर. बातमी शोधायला वेळ कधी मिळणार त्याला? आणि जिल्ह्यातल्या स्ट्रिंजरला तर बातमीमागे पैसे, त्यातही जाहिराती आणायचं काम गळ्यात.

जिल्हा_प्रतिनिधी

शेवटच्या ओळीसाठी लॉगिन केलं. मी ते काम बरीच वर्षं केलंय, कुठल्या वाहिनीसाठी ते सोडा. पूर आला की फोन यायचा, "पाण्यात उभं राहून दे." पाणी घोट्यापर्यंत होतं तर "जरा पुढे जा, गुडघ्यापर्यंत येऊ दे." धरणातून विसर्ग किती, सूचना गावाला कधी मिळाली, हे मी पाटबंधारे खात्यात बसून कागदावर काढून आणलं होतं. ते चाललं नाही. गुडघा चालला.

टली माझ्या जागी असते तर त्यांनी काय केलं असतं, असा प्रश्न मला कुणी विचारू नये. ते माझ्या जागी नव्हते, त्यांच्या बातमीला तीन-चार मिनिटं मिळायची आणि ऐकणाऱ्याला चित्र दिसत नसल्याने शब्दातच सगळं सांगावं लागायचं. गुडघ्याची सोयच नव्हती.

रेडिओवेडा

प्रतिनिधीसाहेब, हे फार नेमकं. रेडिओत "किती वाजता, कुठे, कुणी बघितलं" हे पहिल्या वीस सेकंदांत सांगावंच लागतं, नाहीतर माणूस सुई फिरवतो.

मनवा, तू व्यनिमध्ये (खासगी निरोपात) विचारलंस की मराठीत बीबीसी होतं का, त्याचं उत्तर इथेच देतो, सगळ्यांना उपयोगी पडेल. होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, लंडनहून मराठी प्रसारण सुरू झालं आणि १९५८ मध्ये बंद पडलं. म्हणजे टलींच्या काळात मराठीत बीबीसी नव्हतंच, आपण सगळे हिंदीवरच ऐकत होतो. आत्ताचं बीबीसी मराठी २ ऑक्टोबर २०१७ पासूनचं, पण ते इंटरनेटवरचं. आणि हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण २०२० च्या जानेवारीअखेर बंद झालं. आमचा मर्फी अजून आहे, पण ३१ मीटरवर आता चिनी केंद्रंच लागतात.

तिरकमठा

एकूण काय, आकाशवाणीने घडवलं, बीबीसीने पोसलं, जेकबनी बातमी आणली, हिंदी विभागाने वाचली. टलींनी केलं काय मग?

उलटतपासणी

फैजाबादहून परत गेले.

नांदेडकर

आणि जेकबला पुस्तकावर बरोबरीचं नाव दिलं. त्या काळातल्या किती ब्यूरो प्रमुखांनी तेवढं केलं ते सांगा.

बार्शीकर, तुम्ही परवानगी दिलीत तर सतीश जेकब यांच्यावर वेगळा धागा काढतो. थोडं वाचून, आठवड्याभरात.

बार्शीकर

परवानगी कसली मागताय, काढा. लिंक इथे डकवा. निळावंती, तुम्ही त्या जातीच्या प्रकरणावर सविस्तर लिहा ही आग्रहाची विनंती, प्रतिसादात मावणारं नाही ते.